जुळलें, पण कोणाशीं?

आमच्या घरांत कधीं भांडण होत नाहीं, ही गोष्ट मी आजवर चार लोकांत मोठ्या अभिमानानें सांगत आलों. लग्नाला एकेचाळीस वर्षें झालीं. एवढ्या काळांत आमच्याकडे आवाज चढल्याचें शेजाऱ्यांना कधीं ऐकूं आलें नाहीं. मंगळवार पेठेंतील आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती जाड आहेत, असें कोणी थट्टेनें म्हणेल. परंतु श्रेय भिंतींना देण्याचें कारण नव्हतें. "आमचं जुळतं," एवढेंच मी सांगत असें, आणि ऐकणारा मान डोलवीत असे. पत्रिका पाहिल्या तेव्हां छत्तिसांपैकीं एकोणतीस गुण जुळले होते. उरलेले सात आम्हीं संसारांत मिळविले, असा माझा ठरलेला विनोद होता.

त्याच अभिमानानें मी पाहुण्यांना आणखी एक वस्तु दाखवीत असें. माडीवर माझ्या टेबलावर एक लहानसें मीटर आहे. माझ्या बिनतारी यंत्राकडून एरियलकडे जाणारी शक्ति किती आणि तेथून नाकारली जाऊन परत येणारी किती, यांचें प्रमाण तें दाखवितें. कांहींच परत येत नसेल तर कांटा एकावर थांबतो. माझा कांटा एकावर थांबलेला होता, आणि तेथून हलत नव्हता. या दोन अभिमानांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, अशी शंका साठी उलटून गेली तरी मला आली नाहीं. ती कशी आली, तेंच आज सांगावयाचें आहे.

'हॅम रेडिओ' हा शब्द वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचें असें एक सांकेतिक नांव मिळवून, केवळ हौसेखातर बिनतारी संदेश पाठविणाऱ्या व घेणाऱ्या माणसांचा हा छंद. भारतांत १९२१ सालीं कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना मिळालेला परवाना या छंदाचा आरंभ समजला जातो. मी जन्मभर शाळेंत भौतिकशास्त्र शिकविलें, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झाल्यावर, ज्या वयांत इतर लोक सकाळीं रंकाळ्याची प्रदक्षिणा सुरू करितात त्या वयांत, परीक्षेला बसलों.

बहुतेक मंडळी आखूड लहरींवर बोलतात. थोडी तार, थोडी शक्ति, आणि पल्ला पुष्कळ. माझ्या मनानें मात्र १६० मीटरांच्या लांब लहरी घेतल्या. यांत हट्टाचा भाग होता, तसा मोहाचाही होता. दिवसां या लहरी फार दूर जात नाहींत. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरील वातावरणाचा थर त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला कीं तो थर विरतो, आणि मग त्याच लहरी त्याहूनही वरच्या थरांवरून परतून शेंकडों कोस जातात. आमच्याच गांवीं, शिवाजी विद्यापीठाच्या आवारांत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेनें १९९९ सालापासून एक रडार चालविलें. तें १.९८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे माझ्या पट्ट्याच्या अगदीं शेजारीं बोलत असे, आणि डोक्यावर ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर वारे कोणत्या दिशेनें वाहतात हें त्यावरून मोजलें गेलें. ज्या आकाशाची चौकशी शास्त्रज्ञ करीत होते, त्याच आकाशांतून आपणही एखादा निरोप धाडावा, ही माझी इच्छा. या छंदाला हंगाम असतो. चैत्र-वैशाखांतील वळीव आणि पुढें पावसाळ्यांतील विजा यांच्या कडकडाटानें हा पट्टा भरून जातो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या रात्रीं तेवढ्या आपल्या.

आतां थोडें शास्त्र सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. पण तें स्वयंपाकघरांतूनच सांगतां येईल. घागरभर पाणी अरुंद तोंडाच्या बाटलींत एकदम ओतूं लागलें तर बाटली भरत नाहीं. बरेचसें पाणी उलटून आपल्याच अंगावर येतें. दोष घागरीचा नव्हे, आणि बाटलीचाही नव्हे. मध्यें नरसाळें धरलें कीं काम होतें. जो वीजप्रवाह सेकंदाला लाखों वेळां दिशा पालटतो, त्याच्या वाटेंत पडणाऱ्या एकंदर अडथळ्याला ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८६ सालीं 'इंपीडन्स' हें नांव दिलें. मराठी परिभाषेंत त्याला 'संरोध' म्हणतात, आणि तो ओहम या मापानें मोजतात. माझा ॲम्प्लिफायर दहा वॅटांचा, घरींच बांधलेला. समोर ५० ओहमांचा संरोध दिसला तर तो आपली सारी शक्ति पुढें देतो. त्याहून फार कमी किंवा फार अधिक दिसला तर शक्तीचा कांहीं भाग परततो, आणि तो धक्का ॲम्प्लिफायरलाच सोसावा लागतो. पहिल्या वर्षीं हा नियम मला वहींत पाठ होता, हाताला ठाऊक नव्हता. एका रात्रींत दोन मोसफेट जळाले. खालून सौभाग्यवतीचा आवाज आला, "अहो, कांहीं करपलं का?" मीं "नाहीं" म्हणून सांगितलें, आणि तिनें, नेहमींप्रमाणें, पुढें विचारलें नाहीं.

खरी अडचण एरियलची. जमिनीवरून उभी धरलेली तार लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी असावी लागते. म्हणजे माझ्या पट्ट्यासाठीं चाळीस मीटर उंच. गच्चीच्या कठड्याला कळक बांधून, परसांतील जमिनीपासून मला मिळालेली उंची बारा मीटर. तेथून तार आडवी वळवून शेजाऱ्यांच्या नारळापर्यंत वीस मीटर नेली. अशा आंखूड तारेचे दोन दोष असतात. पहिला असा, कीं ती विजेला साठवून धरावयास पाहते, पुढें जाऊं देत नाहीं. त्यावर उपाय म्हणजे तारेच्या पायथ्याशीं एक कॉइल घालावी, म्हणजे तो साठवणुकीचा स्वभाव सम होऊन जातो. दुसरा दोष अधिक खोल आहे. तार जेवढ्या शक्तीचें लहरींत रूपांतर करिते, तिचाही हिशेब ओहमांतच मांडतात. त्याला प्रारण-रोध म्हणतात. हा जितका मोठा तितकें तारेचें खरें काम अधिक. तार आंखूड झाली कीं तो झपाट्यानें उतरतो. माझ्या तारेचा प्रारण-रोध हिशेबानें निघाला सुमारें ६ ओहम.

याहूनही लांब लहरींवर हौस भागविणारे लोक जगांत आहेत. २००७ सालच्या जिनिव्हा येथील जागतिक परिषदेनें हौशी मंडळींना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ असा एक चिंचोळा पट्टा दिला, आणि प्रसारित शक्तीला मर्यादा घातली एक वॅटाची. एक वॅट म्हणजे काय मोठें, असें कोणासही वाटेल. परंतु तेथें लहरीची लांबी दोन हजार दोनशें मीटरांच्या घरांत. माझी बारा मीटरांची उभी तार त्या लहरीपुढें धरली तर तिचा प्रारण-रोध एका ओहमाचा शंभरावा हिस्सा भरतो. आणि माझ्यासारख्याच्या जमिनीवरून तो एक वॅट आकाशांत पोंचवावयाचा तर यंत्रानें हजाराहून अधिक वॅट ओतले पाहिजेत. मग बाकीचे जातात कोठें? हा प्रश्न मला त्या लोकांविषयीं पडला. स्वतःविषयीं पडला नाहीं.

कॉइलसाठीं मी उद्यमनगरांत एका रिवाइंडिंगवाल्याकडे गेलों. शेतीच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्यांत त्याचा हात बसलेला. तारेचा गेज तो बोटांनीं ओळखतो. पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर त्यानें मला वेढे घालून दिले आणि "मास्तर, हा पंप कुठं बसवणार?" म्हणून विचारलें. घरीं येऊन कॉइल जोडली, पायथ्याला दीड मीटर तांब्याची सळई जमिनींत ठोकून अर्थिंग केलें, एकएक वेढा कमी करीत गेलों, आणि माघांतील एका रात्रीं कांटा एकावर येऊन थांबला. ५० ओहम, नेमके! नरसाळ्याची गरजच उरली नाहीं. विद्यार्थी पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्यावर होई तसा आनंद मला झाला. मीं सौभाग्यवतीला माडीवर बोलावून तो कांटा दाखविला. ती गुडघ्यावर हात ठेवून जिना चढून आली, पाहून "छान" म्हणाली, आणि खालीं गेली.

पुढील दोन हंगामांची हकीकत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. मिरजेस मला ऐकत, पुण्यास एखाद्या शांत रात्रीं ऐकत. त्यापलीकडे माझ्या मोर्सच्या कडकट्टाला उत्तर येत नसे. हैदराबाद, चेन्नई येथील मंडळी मला स्पष्ट ऐकूं येत. मी त्यांना हांका मारीत बसें. माझी खात्री अशी, कीं दोष त्यांच्या बाजूचा. शहरांत एल.ई.डी. दिवे फार, इन्व्हर्टर फार, गोंगाट फार. माझा कांटा तर एकावर होता. मृगाच्या पावसांत माती भिजली कीं तो थोडा हले, सव्वापर्यंत जाई; तेव्हां मी पावसाला दोष देत असें. भिजलेल्या मातीनें माझें जुळलेलें बिघडविलें, अशी माझी तक्रार.

गेल्याच्या गेल्या नवरात्रांत मिरजेचे अण्णा आमच्याकडे आले. वय ऐंशींच्या घरांत. युद्धांतील मोडीचे ८०७ व्हॉल्व्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणून ज्यांनीं तरुणपणीं यंत्रें बांधिलीं त्यांपैकीं ते एक. अंबाबाईचें दर्शन घेऊन आले, चहा झाला, आणि मीं त्यांना माडीवर नेऊन कांटा दाखविला.

"जुळलंय खरं," अण्णा म्हणाले. "पण कुणाशीं?"

मला प्रश्न कळला नाहीं.

"तारेचा प्रारण-रोध किती धरलात?"

"सहा."

"आणि मीटर म्हणतं पन्नास. मग बाकीचे चव्वेचाळीस कुठनं आले, मास्तर?"

मी गप्प राहिलों. अण्णांनीं टेबलावरील लग्नपत्रिकेची पाठ पुढें ओढली आणि आंकडे मांडले. एक-दोन ओहम कॉइलचे. उरलेले सारे मातीचे. तारेंतून वर जाणारा प्रवाह आपलें वर्तुळ पुरें करण्यासाठीं जमिनींतून परततो. जमीन म्हणजे कांहीं तांबें नव्हे. एका सळईशीं येऊन मिळतांना त्याला एवढ्याशा मातींतून घुसावें लागतें, आणि तेथें तो उष्णता होऊन विरतो. सहा आणि चव्वेचाळीस मिळून पन्नास झाले, हा शुद्ध योगायोग.

"तुमच्या दहा वॅटांतले पावणेनऊ वॅट परसू तापवतायत," अण्णा म्हणाले. "कांटा खोटं बोलत नाहीं हो. त्याला एवढंच विचारलंय, कीं कांहीं परत येतं का? तो म्हणतो, येत नाहीं. कोण खातं, हें त्याला कुणी विचारलेलंच नाहीं."

जातांना त्यांनीं स्वीडनमधील ग्रिमेटन येथील केंद्राची गोष्ट सांगितली. अलेक्झांडरसनच्या यंत्रावर चालणारें, १९२४ सालीं पुरें झालेलें तें केंद्र. लहर सतरा किलोमीटरांहून लांब, आणि मनोरे सहा, प्रत्येक १२७ मीटरांचा. एवढ्या उंच तारासुद्धां त्या लहरीपुढें ठेंगण्याच. म्हणून अलेक्झांडरसननें सारा भार जमिनीच्या एकाच ठिकाणावर टाकला नाहीं. सहा जागीं उभ्या तारा खालीं आणून प्रत्येकीला निराळी कॉइल आणि निराळें अर्थिंग दिलें. भार वांटला गेला आणि मातींत जाणारी हानि उतरली. "मोठ्या माणसानं आधीं खालची व्यवस्था बघितली," अण्णा म्हणाले. "आपण कळक किती उंच तेवढं बघत बसतों."

उपाय सोपा होता. तारेच्या पायथ्यापासून चहूंकडे, बोटभर खोल, तांब्याच्या तारा पसरून पुरावयाच्या, म्हणजे परतणाऱ्या प्रवाहाला मातींतून न घुसतां तांब्यावरून येतां येईल. रिवाइंडिंगवाल्याकडे जुन्या मोटारींतून निघालेली तार किलोच्या भावानें मिळाली. पण परसू हें सौभाग्यवतीचें राज्य. तेथें प्राजक्त आहे, कढीपत्ता आहे, अळूचा वाफा, अबोलीच्या ओळी, मध्यें वृंदावन. मीं भीतभीतच विचारलें. ती म्हणाली, "तुमचं काय तें ठरवा."

हें वाक्य मीं एकेचाळीस वर्षांत किती वेळां ऐकलें असेल याची गणती नाहीं. मीं ठरविलें, आणि कुदळ घेतली. थोड्या वेळानें ती खुरपें घेऊन बाहेर आली, आणि प्राजक्ताचीं मुळें कोठून जातात, अळूच्या खालीं पाण्याचा पाइप कोठें आहे, हें दाखवूं लागली. तिनें दाखविलेल्या वाटांनीं तारा वळवाव्या लागल्या. कोणी पांच मीटर, कोणी बारा. लांबी सारखी असण्याची जरुरी नव्हती, संख्या महत्त्वाची. तीन दिवसांत चोवीस तारा जमिनींत गेल्या. वांकून वांकून तिची पाठ धरली. शेवटच्या तारेवर माती लोटतांना ती सहज म्हणाली, "आजवर वरच बघत होता. खालींही कांहीं असतं म्हणायचं."

त्या रात्रीं मीं यंत्र लावलें आणि माझें धाबें दणाणलें. कांटा एकावरून उठून सव्वादोनाच्या पुढें गेला होता. तीन दिवसांच्या श्रमांनीं जुळलेलें सारें बिघडलें! मीं अण्णांना फोन केला.

"पेढे वाटा," अण्णा हंसून म्हणाले. "मातीचे ओहम कमी झाले. आतां एकंदर बावीस उरले असतील. बावीसांत सहा म्हणजे चौथाईहून जास्त शक्ति आकाशांत चाललीय. पूर्वीच्या दुपटीहून अधिक. कांटा बिघडला नाहीं. तो आतां कुठं खरं बोलायला लागलाय. आतां नरसाळं करा."

मी फोन खालीं ठेविला, तरी बराच वेळ टेबलापाशींच बसून राहिलों. खालीं स्वयंपाकघरांत भांडीं लावल्याचा आवाज येत होता. माझ्या मनांत अण्णांचें यंत्राविषयींचें वाक्य घोळत होतें, पण त्याला उत्तर मिळत होतें तें निराळ्याच हिशेबांत. माझी बदली झाली तेव्हां, "तुमचं काय तें ठरवा." माझी आई अंथरुणाला खिळली, त्या नऊ वर्षांत तिला दुसऱ्या भावाकडे कांहीं दिवस न्यावें कीं नाहीं, "तुमचं काय तें ठरवा." तीन वर्षांमागें चिरंजीवांनीं पुण्यास मोठें घर घेतलें, आणि "आतां दोघंही इकडेच या" म्हणून आग्रह केला. मीं वाडा, देवघर, वडिलांची पुण्याई अशीं कारणें सांगितलीं. तीं खोटीं नव्हतीं. पण त्यांच्या मागें पांचव्या मजल्यावरील त्या घरांत तार कोठें बांधणार, हें एक कारण होतें, आणि तें मीं कोणाला सांगितलें नाहीं. फोन खालीं ठेवून मीं तिला विचारलें होतें, "काय गं, बरोबर केलं ना?" ती म्हणाली होती, "तुमचं काय तें ठरवा."

परत कांहीं आलें नाहीं. कांटा एकावर होता. मी म्हणत होतों, आमचें जुळतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीं जाऊन उभा राहिलों. "तुला पुण्याला जावंसं वाटतं का?" मीं विचारलें.

"आतां तें कुठं निघालं मधेंच? तुमचं काय तें—"

"माझं काय तें मला ठाऊक आहे. तुझं विचारतोंय."

तिनें गॅस बंद केला, पदराला हात पुसले, आणि कांहीं बोलली नाहीं. त्या दिवशीं नाहीं, दुसऱ्या दिवशीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं पहांटे ती प्राजक्ताचीं फुलें वेंचीत होती. मी शेजारीं जाऊन बसलों. परडीकडे पाहातच ती म्हणाली, "मला जायचं होतं. तेव्हांच जायचं होतं. नात तेव्हां तीन वर्षांची होती. आतां सहांची झाली. तीं तीन वर्षं मला आतां कुणी देत नाहीं."

मग ती थांबली नाहीं. जिना तिला चढवत नाहीं हें मला तेव्हां कळलें. पांच वर्षें चढवत नव्हता. माझी आई गेली त्या वर्षीं ती रात्री-रात्री जागी असे, हेंही मला तेव्हां कळलें. ऐकतां ऐकतां मी स्वतःचा बचाव करूं लागलों, आणि बचाव करतां करतां माझा आवाज चढला, तिचाही चढला. दुपारीं शेजारच्या काकू विरजणाच्या निमित्तानें वाटी घेऊन आल्या आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहून गेल्या. एकेचाळीस वर्षांची आमची कीर्ति एका सकाळींत धुळीला मिळाली.

पुढील पंधरा दिवस घरांत कोणाला सुख नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. मनाला लागतील असे शब्द दोन्हीं बाजूंनीं गेले. एकदां मला वाटलेंही, कीं उगाच उकरलें. झांकलेलें बरें होतें. पण माडीवर गेलों कीं समोर तो सव्वादोनावरील कांटा दिसे. त्याला पुन्हां एकावर आणण्याची एक सोपी रीत होती: पुरलेल्या चोवीस तारा तोडून टाकावयाच्या, म्हणजे माती पूर्वीप्रमाणें सारें गपचूप गिळूं लागली असती. ती रीत मला माहीत होती म्हणूनच ती करवेना.

दिवाळीच्या आधीं मीं एक तोडगा काढला. वळीव आणि पावसाळा, म्हणजे चैत्रापासून आश्विनापर्यंत, पुण्यास राहावें. कार्तिक ते फाल्गुन कोल्हापुरास. मोठ्या उत्साहानें मीं तो मांडला. ती शांतपणें म्हणाली, "म्हणजे पुन्हां तुमच्या तारेच्या सोयीनंच."

मी निरुत्तर झालों. पूर्वीं हें वाक्य तिच्या मनांतच विरलें असतें. आज तें माझ्यापर्यंत परत आलें. परतणारी शक्ति अंगावर घेणें कठीण असतें, हें माझे मोसफेट सांगूं शकतील. पण ती परतते म्हणूनच आपल्याला कळतें, कीं मध्यें कांहीं घालावयास हवें. ठरावाला तिनें आपल्या अटी जोडल्या. डिसेंबरांत नातीच्या शाळेचें स्नेहसंमेलन असतें. तेव्हां ती पुण्यासच राहणार, मीं यावें अथवा न यावें. वाड्यांत आमचें बिऱ्हाड माडीवरून तळमजल्यावर यावें. आणि मे महिन्यांत आंबे येतील तेव्हां नातीनेंच कोल्हापुरास यावें, कारण परसांतील सावली पुण्याला नाहीं. मीं तिन्ही अटी मान्य केल्या. पहिली मला जड गेली. मार्गशीर्षांतील रात्रींसारख्या दुसऱ्या रात्रीं या पट्ट्याला मिळत नाहींत.

तेवढ्या दिवसांत मीं अण्णांनीं सांगितलेलें नरसाळेंही बनविलें. फेराइटच्या एका रिंगेवर तारेचे नऊ वेढे, आणि सहाव्या वेढ्यावर काढलेला एक फांटा. यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. नऊ वेढ्यांना ॲम्प्लिफायर जोडावयाचा, सहांच्या फांट्याला एरियल. नवास सहांनीं भागून येणाऱ्या दिडाचा वर्ग सव्वादोन. बावीस ओहमांना सव्वादोनानें गुणलें कीं साडेएकोणपन्नास होतात. एरियल बावीस ओहमांचेंच राहिलें, ॲम्प्लिफायर पन्नासांचाच राहिला. कोणालाही आपला स्वभाव सोडावा लागला नाहीं, आणि मातीलाही दोघांचें ओझें पूर्वीइतकें गिळावें लागलें नाहीं. कांटा एकाच्या जवळ आला. यावेळीं मीं तो कोणाला दाखविला नाहीं.

डिसेंबरांत मी पुण्यास गेलों. ज्या रात्रीं आकाश सर्वांत निर्मळ असतें त्या रात्रीं मी एका मांडवांत खुर्चीवर बसून, हिरव्या कागदाचीं पानें लावून झाड झालेल्या माझ्या नातीकडे पाहत होतों. तिला संवाद नव्हता. हात पसरून उभें राहावयाचें होतें. सौभाग्यवती पडदा पडेपर्यंत एकदांही माझ्याकडे वळली नाहीं, इतकी ती तिकडे रंगली होती. तीन वर्षें मीं कशावांचून तिला ठेविलें, हें मला त्या मांडवांत जेवढें कळलें तेवढें तिच्या शब्दांनींही कळलें नव्हतें.

पौषांत परत आल्यावर एका रात्रीं हैदराबादहून मला प्रथमच उत्तर आलें. दुपटीचा फरक कानाला फार मोठा लागत नाहीं. पण ऐकूं येणें आणि न येणें यांच्या सीमेवर तेवढा पुरतो. मीं खालीं जाऊन तिला सांगितलें. ती म्हणाली, "मग तेव्हांच पुरायच्या होत्या तारा." मीं "होय" म्हटलें, दुसरें उत्तर नव्हतें.

आमच्या घरांत आतां अधूनमधून भांडण होतें. "तुमचं काय तें ठरवा" हें वाक्य मात्र पुष्कळ दिवसांत ऐकूं आलेलें नाहीं. कधीं आलेंच, तर मी हातांतलें काम खालीं ठेवितों, आणि पुन्हां विचारतों.